भोकाची खुर्ची

माझी सरकारी निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी व्हायची होती. गुडघे मात्र त्रेचाळिसाव्या वर्षीच निवृत्त झाले, तेही आगाऊ नोटीस न देता.

त्यांचा दोष नव्हता म्हणा. आदल्या वर्षी नागपूरला माझ्या डाव्या स्तनातली गाठ स्तनासकट काढली. मग महिनाभर विजेचे शेक दिले, आणि आजार पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून अंडाशयही काढून टाकले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आजार गेला असं समजा, बाई. पण तुमचं शरीर आता एकदम बारा-पंधरा वर्षांनी पुढं गेलंय." मी शिक्षिका आहे. मधल्या इयत्ता न शिकवता मुलीला एकदम मॅट्रिकला बसवलं तर तिचं जे होईल, ते माझं झालं. थंडीच्या दिवसांतही अंगातून वाफा निघत. सकाळी खडू धरायचा तर डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं वळवून द्यावी लागत. गुडघे बसताना एक आवाज करत आणि उठताना दुसरा. चौथीच्या मुली हे दोन्ही आवाज ओळखत, आणि दुसरा ऐकू आला की पटापट पाट्या पुसत.

कामरगावात आम्ही सांगितलं होतं, की पोटाचं ऑपरेशन झालं. खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं. त्याचा पुरावा म्हणजे भेटायला येणारं प्रत्येक माणूस माझ्या चेहऱ्याकडे अगदी डोळे फाडून बघे. नजर चुकून हनुवटीच्या खाली उतरायला नको! आमच्या मुलखात कापसाला काही तोटा नाही. ब्लाउजच्या डाव्या बाजूला मी घरीच पिंजलेल्या कापसाची गादी करून शिवली होती. खरं सांगायचं तर उजव्या बाजूपेक्षा तीच जास्त तरुण दिसे.

तर गुडघे. आमचे हे, भिवाजी इंगळे, कामरगावचे पोस्टमास्तर, आणि आमचं बिऱ्हाड पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत. परसात खड्ड्याचा संडास होता, पत्र्याच्या दाराचा. गावातल्या बऱ्याच बायकांना डबा घेऊन लांब जावं लागे, तेव्हा ही चैनच म्हणायची. एका सकाळी मी या चैनीत उकिडवी बसले ती बसलेच. उठायचा हुकूम दिला, पण गुडघ्यांनी तो खाली पोचवलाच नाही. भिंतीला धरावं तर डावा हात ऑपरेशनपासून खांद्याच्या वर जात नव्हता. पाच मिनिटं मी शांत राहिले. सहाव्या मिनिटाला यांना हाक मारली.

हे दाराबाहेर आले आणि विचारलं, "काय झालं?"

"उठता येत नाही."

"उठून तर पाह्य."

पोस्टखात्यात वीस वर्षं काढलेला माणूस. आलेली तक्रार पहिल्यांदा परत पाठवायची, हा त्यांचा स्वभावच झाला होता. कडी आतून होती. तिच्यापर्यंत माझा हात पोचेना. शेवटी यांनी पत्र्याच्या फटीतून पोस्टाची फूटपट्टी घातली आणि कडी उचलली. तोवर शेजारच्या गिरजाबाई कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. गिरजाबाईंचा गावाबाहेर भाजीचा मळा. रोज सकाळी वांगी आणि बातम्या दोन्ही त्या ताज्याच बाजारात नेत. दहा वाजता मी शाळेत पोचले तेव्हा बातमी माझ्याआधी पोचली होती.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. गिरजाबाई म्हणाल्या, "हाडात वारं भरलं बाई तुमच्या. एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधा." बांधलं. गुडघ्याला फोड आला. कोणी मेथीचे लाडू आणले, कोणी तांब्याचं कडं. शाळेचे हेडमास्तर जानरावजी फार सज्जन माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "बाई, तुमाले खालच्या वर्गाचं ओझं होत असन तं शिवणाचा तास देऊ काय? बसून करता येते." शिवणाचा तास आमच्या शाळेत ज्यांची निवृत्ती सहा महिन्यांवर आली त्यांनाच मिळे. मी म्हटलं, "सर, मला त्रेचाळीस झालीत." ते म्हणाले, "हो, हो, थे तं आहेच," आणि माझ्यासाठी पाणी मागवलं.

आमचे हे मात्र काहीच बोलत नव्हते. मला वाटलं, त्यांना लाज वाटते. तपासणीची तारीख आली तशी आम्ही नागपूरला गेलो. सबंध प्रवासात हे मांडीवरच्या पिशवीचे बंद सोडत होते आणि बांधत होते. डॉक्टरांनी हाडांचे फोटो काढले आणि उजेडासमोर धरले. तेव्हा यांनी विचारलं, "साहेब, थे हाडात तं नाही उतरलं?"

तेव्हा मला कळलं, की दर वेळी माझा गुडघा वाजला, की हे काय ऐकत होते.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "हाडं स्वच्छ आहेत. ही ऑपरेशननंतरची सांधेदुखी आहे. हळूहळू सवय होईल. हिंडाफिरा, फक्त उकिडवं बसू नका. घरी इंग्रजी पद्धतीचा संडास करून घ्या."

"थे लेखी देता काय?" यांनी विचारलं. "हाडं स्वच्छ आहेत, थे."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. यांनी ते चार वेळा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि येताना बसमध्ये कंडक्टरशी इतक्या गप्पा मारल्या, की तो बिचारा तिकिटं फाडायचा विसरला.

आता इंग्रजी पद्धतीचा संडास कामरगावात कोण बसवणार? त्याला पाण्याची टाकी लागते आणि टाकीला पाणी लागतं. यांनी त्यावर तोड काढली. आहे त्याच खड्ड्यावर ठेवता येईल अशी लाकडी खुर्ची करायची, मधोमध भोक, आणि भोकावर बेमालूम बसणारं झाकण. पोस्टाच्या कागदावर यांनी फूटपट्टीनं नकाशा काढला, आणि तो घेऊन आम्ही कारंज्याला इंद्रभान सुताराकडे गेलो. इंद्रभानच्या हाताचे देव्हारे तालुक्यात प्रसिद्ध होते.

इंद्रभाननं नकाशा उलटा धरून पाहिला, मग सुलटा. "बाकी सगळं समजलं साहेब. हे मधात भोक कायले?"

दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. यांच्या कपाळाला घाम फुटला. "टपालासाठी," हे म्हणाले.

"बसून टाकतेत काय टपाल?"

"नवीन पद्धत निघाली आहे," हे म्हणाले, आणि मी रस्त्यावरच्या बैलांकडे पाहायला लागले.

टपाल म्हणजे सरकारी काम. इंद्रभाननं मनावर घेतलं. महिन्यानं खुर्ची तयार झाली ती अस्सल सागवानी, उंच पाठीची, आणि दोन्ही हातांच्या टोकाला कोरलेले मोर. झाकण असं बसवलं होतं, की नखानं चाचपल्याशिवाय तिथे भोक आहे हे ब्रह्मदेवालाही कळू नये. मी सांगणार होते, की एवढं नको होतं. पण इंद्रभान म्हणाला, "सरकारनं पण पाह्यलं पाह्यजे बाई, सुतार काय चीज असते."

खुर्ची एस.टी.च्या टपावरून कामरगावला आली, ती नेमकी बाजाराच्या दिवशी. टपावर दोरांनी बांधलेली, तोंड पुढं, दोन्ही मोर वाऱ्यावर. स्टँडवर माणसं जमली. त्यांत जानरावजी होते, आणि त्यांचा चेहरा बुडत्याला ओंडका दिसावा तसा झाला. दुसऱ्या दिवशी शाळेचं गॅदरिंग होतं आणि पंचायत समितीचे सभापती अध्यक्ष म्हणून यायचे होते. शाळेत खुर्च्या तीन. एकीला हात नव्हते, एकीला पाठ नव्हती, तिसरीला दोन्ही होतं पण ती बसणाऱ्याला हळूहळू डावीकडे ओतून देई.

"पोस्टमास्तर, एका दिवसासाठी द्या," जानरावजी हात जोडून म्हणाले. "शाळेच्या अब्रूचा सवाल आहे."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे पाहिलं. दोघांनीही तोंड उघडलं. सबंध बाजार ऐकत होता. "घरगुती वापराची आहे," एवढंच हे म्हणाले. "मंग घरचीच शाळा समजा," जानरावजी म्हणाले, आणि आठ हातांनी खुर्ची उचलून नेलीसुद्धा.

गॅदरिंगला मी मुलींची लेझीम बसवली होती, पण माझं अर्धं लक्ष सभापतींच्या बैठकीकडे. देहानं भरभक्कम माणूस. झाकण पेलेल का, याच चिंतेत मी होते. इंद्रभानचं काम! कुरकुरलंसुद्धा नाही. सभापती मात्र असे काही विसावले, की भाषणालाही उठेनात, बसूनच बोलले. शेवटी म्हणाले, "एवढी सुखाची बैठक मले मुंबईतही भेटली नाही. कोनाची आहे ही?"

जानरावजी लगबगीनं म्हणाले, "आमच्या इंगळे बाईंनी दिली, शाळेसाठी." त्यांना म्हणायचं होतं, आजच्या दिवसासाठी. सभापतींनी भोंग्यातून जाहीर करून टाकलं, की शिक्षिका असावी तर अशी. स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून शाळेला खुर्ची भेट देणारी! टाळ्या झाल्या. मला व्यासपीठावर बोलावून नारळ आणि ब्लाउजपीस देण्यात आला. चांगलं सव्वा वार होतं, दोन्ही बाजूंना पुरेल एवढं.

दुसऱ्या दिवशी मी जानरावजींच्या खोलीत गेले. ते खुर्चीवर बसले होते. खाली त्यांनी घरून आणलेली गादी होती, आणि एक हात मोराच्या डोक्यावर. मी म्हटलं, "सर, खुर्ची न्यायची होती."

त्यांनी कपाटातून शाळेच्या सामानाचं डेडस्टॉक रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. अनुक्रमांक सत्तेचाळीस: सागवानी खुर्ची, मोर असलेली, नग एक, भेट. "सभापतीसाहेबानं समोर बसून नोंद करायले लावली, बाई. आता थे माह्यी पन नाही अन् तुमची पन नाही. सरकारची झाली. परत पाह्यजे असन तं कारण दाखवून अर्ज करा."

गिरजाबाईंचा सल्ला होता, "कायले अर्ज करता? गाडी आना, उचलून आना. शाळेच्या खिडकीले गज नाहीत." यांना हे पटणं शक्य नव्हतं. यांनी अर्ज लिहिला: कौटुंबिक अडचणीमुळे सदर खुर्ची परत मिळावी. पंधरा दिवसांनी तो परत आला. शेरा: अडचणीचे स्वरूप स्पष्ट करावे. यांनी दुसरा लिहिला: वैयक्तिक वापरास्तव. तो परत आला. वापराचे स्वरूप स्पष्ट करावे. तिसऱ्या अर्जात यांनी "प्रकृतीच्या कारणास्तव" असं लिहिलं आणि तो मलाही इतका मोघम वाटला, की माझ्या दुखण्याचीच मला शंका आली. तोही परत आला.

मधल्या काळात मी संडासात दोन विटांवर फळी टाकून, दोरी धरून, काय काय करत होते ते सांगत नाही. एकदा दोरी तुटली. त्या दिवशी मी लंगडत शाळेत गेले, आणि जानरावजी मोरावर हात ठेवून बसलेले दिसले. मला पहिल्यांदाच राग आला. त्यांचा नव्हे. माझा स्वतःचा. वर्षभर मी पोट पोट म्हणत होते, आणि माझ्या खुर्चीवर सगळं गाव बसत होतं.

मधल्या सुट्टीत मी स्वतः कागद घेतला. बोटं आखडलेली होती, अक्षर वाकडं आलं, पण शुद्धलेखनाची चूक एक नाही. "मी, वच्छला भिवाजी इंगळे, वय त्रेचाळीस. कर्करोगामुळे गेल्या वर्षी माझा डावा स्तन काढला आहे. त्या उपचारांमुळे सांधे दुखतात व मला उकिडवे बसता येत नाही. सदर खुर्ची शौचास बसण्यासाठी करून घेतली आहे. आसनावरील झाकण काढल्यास भोक दिसेल. तरी ती परत मिळावी."

अर्ज हेडमास्तरांमार्फतच जावा लागतो. जानरावजी तो बसून वाचायला लागले आणि चौथ्या ओळीला ताडकन उभे राहिले. गादी उचलली. नखानं चाचपलं. झाकण वर आलं.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "मी इथं दोन महिने डबा खाल्ला."

"कोरी आहे, सर. अजून वापरायला मिळालीच कुठे?"

त्यांनी झाकण पुन्हा बसवलं. मग खाली मान घालून म्हणाले, "आमाले ऑपरेशनचं माहीत होतं. पन तुमी पोटाचं म्हनत होत्या, मंग आमी बी पोटाचंच इचारत होतो. लय अवघड जाये, बाई." आणि अर्जावर "शिफारशीसह सादर" असं लिहून त्यांनी सही केली, उभ्या उभ्याच. पुढं आठवडाभर शाळेचा सगळा कारभार ते उभे राहूनच पाहत होते.

तो कागद सहा टेबलांवरून गेला. प्रत्येक टेबलाला माझा डावा स्तन कळला. पहिल्या टेबलाच्या वेळी मला झोप लागली नाही. तिसऱ्यापर्यंत सवय झाली. सहाव्या टेबलाच्या कारकुनानं तर निरोप पाठवला, की त्याच्या सासूचंही असंच झालं आहे, तर तो सुतार कुठला?

शेवटी चौकशीला विस्तार अधिकारी आले. गुलाबसिंग त्यांचं नाव. उंच, मिशीवाले, बोलायला कमी. त्यांनी रजिस्टर पाहिलं, खुर्ची पाहिली, झाकण काढून आत पाहिलं. मग नियमांचं पुस्तक पाहिलं. ते म्हणाले, "शाळेला दिलेली भेट परत करायचा नियमच नाही."

"मग?" मी विचारलं.

"निरुपयोगी वस्तू रजिस्टरातून काढायचा नियम आहे." आणि त्यांनी लिहायला घेतलं, मोठ्यानं वाचत: "आसनास मध्यभागी नऊ इंच भोक. बसण्यास निरुपयोगी. दुरुस्तीपलीकडे. कमी करून आवाराबाहेर टाकावी."

बिचारीला पुरतं वर्षही झालं नव्हतं. तिच्या भावना मी समजू शकत होते.

"माफ करा बाई," गुलाबसिंगजी म्हणाले, "कायद्यात एवढंच बसते."

आवाराबाहेर टाकायची म्हणजे पंचनामा आला. दोन पंच उभे केले, आणि त्यांच्या समक्ष खुर्ची शाळेच्या फाटकाबाहेर टाकण्यात आली. म्हणजे चौघांनी ती उचलून बाहेर उभ्या असलेल्या यांच्या हवाली केली. सगळं गाव बघायला होतं. हे एक बाजू धरून चालले, जानरावजींनी न सांगता दुसरी धरली, आणि मी मागून. या वेळी कोणीही नुसतं माझ्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत नव्हतं. काहींनी सरळ खाली पाहिलं. पाहून झालं, आणि मग माझ्याशी बोलले. बरं वाटलं.

खुर्ची जागेवर बसली. तिच्या सुखाबद्दल सभापती काय म्हणाले होते ते अक्षरशः खरं होतं, एवढंच लिहिते.

तिसऱ्या दिवशी दुपारी गिरजाबाईंच्या सासूबाई आल्या, गोजराबाई. सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या. एका हातात काठी, दुसऱ्यात पाण्याचा लोटा. इकडं तिकडं न पाहता म्हणाल्या, "मी एकडाव बसून पाहू काय?"

मी पत्र्याचं दार उघडून दिलं. त्या आत गेल्या. बराच वेळ आवाज नाही. गिरजाबाई कुंपणाशी काळजीत, मी दाराशी, आणि हे पोस्टाची खिडकी बंद करून परसात येऊन उभे. अखेर गोजराबाई बाहेर आल्या. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू माहेरून आल्या.

"राजाच्या घरचं हाये वं हे!" त्या म्हणाल्या. "किती वय तुह्यं?"

"त्रेचाळीस."

"अन् थे नागपूरचं दुखनं? गेलं नं?"

"गेलं म्हणतात. सांधे दुखतात तेवढे."

"सांधे तं दुखतेत. माह्ये तीस वर्षं झाले दुखून राह्यले." असं म्हणून गोजराबाई पुन्हा आत वळल्या, खुर्चीचा एक पाय काठीनं ठोकून पाहिला आणि नाराजीनं मान हलवली. "सुतारानं पाय बारीक केले वं पोरी. तुले अजून चाळीस वर्षं बसा लागन याच्यावर. याले जाडे पाय पाह्यजेत."

पोरी! यांनी ऐकलं का म्हणून मी मागं वळून पाहिलं तर हे जागेवर नव्हते. ते केव्हाच पोस्टात जाऊन टेबलाशी बसले होते आणि इंद्रभान सुताराला कार्ड लिहीत होते.